नल, रिकामी स्ट्रिंग आणि नुसत्या स्पेस: तपासायचं कुठे आणि साठवायचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या ठोक व्यापाऱ्यांसाठी ऑर्डर आणि बिलाचं सॉफ्टवेअर करताय. सर्व्हरवर जावा, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढे मोबाइल अ‍ॅप. ग्राहकाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, ट्रान्सपोर्टचं नाव, अशा प्रत्येक ठिकाणी ‘नल नाही ना’ आणि ‘रिकामं नाही ना’ या दोन तपासण्या लिहून कोड भरून गेलाय. (नल म्हणजे किंमतच नाही; रिकामी स्ट्रिंग म्हणजे मजकूर आहे, पण त्यात एकही अक्षर नाही.) एक सहकारी म्हणतो, सगळे नल रिकाम्या स्ट्रिंगमध्ये बदलून टाकू. दुसरा म्हणतो, रिकाम्या स्ट्रिंगा नलमध्ये बदलू. कोणाचं ऐकायचं?

साठवताना दुसऱ्याचं ऐका, छापताना पहिल्याचं. आणि तपासणी मजकूर प्रोग्रॅममध्ये शिरतो त्या एकाच जागी करा. आतल्या प्रत्येक फंक्शनमध्ये तीच शंका पुन्हा घ्यावी लागत असेल, तर दारावरची तपासणी झालेलीच नाही असं समजा. हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयात नियम पाठ करून भागत नाही.

आधी अर्थ ठरवा, मग कोड. जीएसटी क्रमांकाचाच रकाना घ्या. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. ग्राहकाच्या नोंदीत हा रकाना मोकळा दिसतोय, याचे निदान दोन अर्थ होतात. एक, ग्राहक नोंदणीकृतच नाही, त्याला क्रमांक नाही. दोन, त्याला क्रमांक आहे, पण आपल्या दिवाणजींनी अजून विचारलेला नाही. बिलाच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण परिणाम वेगळे आहेत. नोंदणीकृत ग्राहकाचं बिल विवरणपत्रात त्याच्या क्रमांकासकट जावं लागतं, तेव्हाच त्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. क्रमांक विचारायचा राहिला आणि तुमच्या प्रोग्रॅमने त्याला ‘नोंदणी नसलेला’ धरून विक्री त्या गटात टाकली, तर विजयपूरचा किंवा लातूरचा तो व्यापारी महिन्याभराने फोन करून भांडणार, आणि त्याचं भांडण रास्त असणार.

आता पुष्कळ जण इथे एक शक्कल लढवतात: नल म्हणजे ‘माहीत नाही’ आणि रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘माहीत आहे, पण नाही’. ऐकायला छान वाटतं. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे. हा फरक स्क्रीनवर दिसत नाही, एक्सेलमध्ये टिकत नाही, आणि तुमच्यानंतर कोड हाती घेणाऱ्याला कळत नाही. एखादा अर्थ व्यवसायाला महत्त्वाचा असेल तर त्याला स्वतःचा रकाना द्या: ‘नोंदणीची स्थिती’, आणि त्यात तीन पर्याय, विचारलेलं नाही, नोंदणीकृत, नोंदणी नाही. मग क्रमांकाच्या रकान्यात नल असला तरी गोंधळ होत नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांत तक्त्यातला रकाना मोकळा न सोडता ‘निरंक’ लिहायची शिस्त आहे ती याचसाठी, की वाचणाऱ्याला कळावं, इथे पाहिलं गेलंय आणि काही नाही. ई-वे बिलातही नोंदणी नसलेल्या व्यक्तीसाठी क्रमांकाच्या जागी ‘यूआरपी’ (अनरजिस्टर्ड पर्सन) असं लिहावंच लागतं. मोकळी जागा चालत नाही.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनाही एकटा नल अपुरा वाटला होता. १९९० मध्ये त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: एक, माहिती लागू आहे पण हाती नाही, दुसरी, माहिती लागूच नाही. नेहमीच्या वापरातल्या डेटाबेसांनी ते स्वीकारलं नाही, त्यामुळे तो भेद आपल्यालाच रकाने आखून दाखवावा लागतो.

आता दाराकडे येऊ. एकच छोटं फंक्शन लिहा, त्याला ‘मजकूर साफ कर’ असं काहीही नाव द्या. आत नल आला तर नल परत. मजकूर आला तर दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढायच्या. त्यानंतर दिसण्यासारखं एकही अक्षर उरलं नाही तर नल परत, उरलं तर तो मजकूर परत. अ‍ॅपकडून आलेली विनंती, एक्सेलमधून आयात केलेली यादी, दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून जेसन या मांडणीत आलेली माहिती, प्रत्येक मजकूर याच फंक्शनमधून आत शिरला पाहिजे. एवढं झालं की आत दोनच शक्यता उरतात: नल, किंवा खरोखर काहीतरी लिहिलेला मजकूर. तिसरी अवस्था संपली, आणि तुमच्या दोन तपासण्यांची एक झाली.

‘मोकळ्या जागा काढायच्या’ हे मी पटकन लिहिलं, पण खरी मेख तिथेच आहे. जावातलं जुनं ट्रिम फक्त साधी स्पेस आणि तिच्या खालच्या क्रमांकांची नियंत्रण-अक्षरं काढतं. जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, स्ट्रिप (टोकांच्या स्पेस काढणारं) आणि इझब्लँक (मजकूर कोरा आहे का ते सांगणारं) आले. ते युनिकोडमधल्या बहुतेक स्पेस ओळखतात, पण वेबपेजवरून कॉपी करताना हटकून येणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस ते ओळखत नाहीत. तोच मजकूर पायथनच्या स्ट्रिपला किंवा जावास्क्रिप्टच्या ट्रिमला दिला तर ती स्पेस निघून जाते. म्हणजे ब्राउझरमध्ये ‘रिकामं’ ठरलेलं नाव सर्व्हरवर ‘भरलेलं’ ठरू शकतं. पोस्टग्रेसचं ट्रिम तर, वेगळं सांगितलं नाही तर, फक्त साधी स्पेस काढतं. टॅबसुद्धा तसाच राहतो.

मराठी मजकुरात याहून बारीक गोष्ट आहे. झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही डोळ्यांना न दिसणारी अक्षरं आपल्या टायपिंगमध्ये सर्रास येतात. ती स्पेस नव्हेत, त्यामुळे वर सांगितलेलं कुठलंही फंक्शन त्यांना हात लावत नाही. रकान्यात नुसता एक जॉइनर पडला असेल तर लांबी १ येते, इझब्लँक ‘रिकामं नाही’ म्हणतं, आणि छापलेल्या पावतीवर नावाची जागा कोरी असते. यावर चिडून कोणी सगळ्या मजकुरातून जॉइनर पुसून टाकायचा बदल करतो, आणि मग वेगळंच संकट उभं राहतं. बऱ्याच कीबोर्डांवर कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांतला ऱ हा ‘र’, हलन्त आणि जॉइनर असा तयार होतो. जॉइनर पुसला की कऱ्हाड्यांचे ‘कर्हाडे’ होतात. ग्राहकाचं आडनाव बिलावर चुकीचं छापणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. म्हणून रिकामेपणा तपासताना मजकुराची एक प्रत घ्या, तिच्यातून सगळी अदृश्य अक्षरं काढा, आणि त्या प्रतीत काही उरलं का एवढंच पाहा. साठवायचा तो मूळ मजकूर, फक्त टोकांच्या स्पेस काढलेला.

जावातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. नल स्ट्रिंगवर कुठलीही मेथड बोलावली की नल पॉइंटर एक्सेप्शन येणार. तुलना करताना नक्की नल नसलेली बाजू डावीकडे ठेवली की तो धोका टळतो. नल आणि मजकूर अधिक चिन्हाने जोडले तर एक्सेप्शन येत नाही, उलट रोमन लिपीतला ‘नल’ हा शब्दच मजकुरात चिकटतो. गाठींवर चिकटवायच्या पत्त्याच्या लेबलवर दुसऱ्या ओळीत ‘नल’ छापलेला तुम्ही पाहिला असेल, तो इथूनच येतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याच जागी ‘नल’ किंवा ‘अनडिफाइन्ड’ येतो. पायथनमध्ये अधिक चिन्हाने जोडलं तर एरर येते, पण एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात किंमत भरायच्या सोयीत) ‘नन’ चिकटतो. एक्सेप्शन निदान ओरडून सांगतं. हा चिकटलेला शब्द गुपचूप डेटाबेसात जाऊन बसतो आणि पुढे खऱ्या नावासारखा वावरतो. मला त्याची भीती जास्त वाटते.

नल रेफरन्सची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली, आणि २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तुमचं अँड्रॉइड अ‍ॅप कोटलिन भाषेत असेल तर तिथे या चुकीवर बराच उतारा आहे. नल असू शकणारी स्ट्रिंग आणि कधीच नसणारी स्ट्रिंग हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि गल्लत केली तर कंपायलरच अडवतो. ते प्रकार मनापासून वापरा. सगळीकडे दोन उद्गारचिन्हं (‘हे नल नाहीच’ अशी हमी देणारी खूण) मारून कंपायलरला गप्प करू नका.

आता डेटाबेस. इथे थांबून वाचा, कारण जावाची चूक त्याच दिवशी दिसते, एसक्यूएलची चूक वर्षअखेरीला आकडे जुळवताना दिसते.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, उत्तरं तीन असतात: खरं, खोटं आणि अज्ञात. नलशी कशाचीही तुलना केली तर उत्तर अज्ञात, अगदी नलची नलशी केली तरी. आणि ‘व्हेअर’, म्हणजे ओळी निवडायची अट, फक्त ‘खरं’ असलेल्या ओळी पुढे सोडतं. समजा व्यापाऱ्याला सोलापूरबाहेरच्या सगळ्या ग्राहकांना नव्या दरांचा मेसेज पाठवायचाय. तुम्ही लिहिलंत, गाव <> 'सोलापूर'. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत स्टॉलवर नुसता मोबाइल नंबर घेऊन नोंदवलेली सगळी गिऱ्हाइकं या यादीतून गळली, कारण त्यांचं गाव नल आहे आणि तुलनेचं उत्तर अज्ञात. गाव = 'सोलापूर' या यादीतही ती नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण ग्राहकांएवढी होत नाही, आणि कुठेही एरर नाही. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘इझ डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे, तो वापरा; मायएसक्यूएलमध्ये <=> हे चिन्ह ‘दोन्ही नल असले तरी समान’ अशी तुलना करतं.

याहून घातक ‘नॉट इन’. यंदा एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक हवेत, म्हणून लिहिलं: ज्यांचा क्रमांक ऑर्डरच्या यादीत नाही ते. ऑर्डरच्या टेबलात काउंटरवरची एक रोख विक्री आहे, तिथे ग्राहक क्रमांक नल आहे. या एका ओळीमुळे संपूर्ण उत्तर रिकामं येतं. व्यापारी खूश होतो, सगळ्यांनी माल घेतला म्हणून! ‘नॉट इन’च्या आत उपक्वेरी असेल तर ती ‘नॉट एक्झिस्ट्स’ने लिहायची सवय लावून घ्या, नल असो वा नसो.

मोजणीही बघा. ‘काउंट’मध्ये रकान्याचं नाव दिलं तर नल मोजले जात नाहीत, पण रिकाम्या स्ट्रिंगा मोजल्या जातात. ‘किती ग्राहकांचा जीएसटी क्रमांक आपल्याकडे आहे’ याचं उत्तर, दोन्ही प्रकार मिसळलेल्या टेबलावर, चुकीचंच येणार. साठवताना नलच ठेवा असं मी म्हणतो त्याचं हे एक मोठं कारण: डेटाबेसची स्वतःची हत्यारं नलला ‘नाही’ म्हणून ओळखतात, रिकाम्या स्ट्रिंगला ओळखत नाहीत.

नाव जोडतानाही तेच. पोस्टग्रेसमध्ये || ने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं, आणि वडिलांचं नाव नल असेल, तर सगळं नावच नल होतं. ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ नल वगळून मध्ये एकच स्पेस ठेवतं, पण रिकामी स्ट्रिंग वगळत नाही. मधलं नाव रिकामं असेल तर दोन स्पेस येतात, आणि पुढे कोणी नावाने शोधलं की तो ग्राहक सापडत नाही. जुन्या टेबलावर काम करायचंच असेल तर मधल्या रकान्याला आधी ट्रिम, मग नलइफ लावून रिकाम्याचा नल करा आणि मग जोडा. खरं तर मी तीन रकान्यांच्या नावाच्याच विरुद्ध आहे. सीमेपलीकडून, कलबुर्गी-विजयपूरकडून येणाऱ्या अनेकांच्या नावात आद्याक्षरं असतात, आडनावाचा रकाना त्यांच्यासाठी निरर्थक. ‘बिलावर छापायचं नाव’ असा एकच रकाना बहुतेक व्यापाऱ्यांना पुरतो.

एका ठिकाणी मात्र मी माझाच नियम मोडतो. स्टॉकच्या टेबलात डिझाइन नंबर, साइज आणि रंग मिळून एकच ओळ असावी म्हणून तुम्ही युनिक बंधन घालाल. साध्या टॉवेलला रंगाची नोंद नाही, तिथे नल. पोस्टग्रेसला दोन नल समान वाटत नाहीत, त्यामुळे त्याच डिझाइनच्या, त्याच साइजच्या दोन ओळी बिनबोभाट घातल्या जातात, आणि गोदामातला माल निम्मा इकडे निम्मा तिकडे दिसतो. एसक्यूएल सर्व्हर अशा ठिकाणी एकच नल चालवून घेतो, म्हणून तिथून आलेल्या माणसाला हे लक्षातही येत नाही. पोस्टग्रेस १५ पासून, म्हणजे २०२२ पासून, ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ असं बंधनातच लिहिता येतं. तुमची आवृत्ती जुनी असेल तर अशा किल्लीच्या रकान्यात नल बंद करा आणि ‘रंग नाही’ यासाठी एक ठरलेली खूण ठेवा; इथे रिकामी स्ट्रिंगही चालेल, फक्त त्या एकाच रकान्यासाठी आणि कॉमेंट लिहून.

उद्या एखाद्या कारखानदाराकडे ओरॅकल निघालं तर एवढं लक्षात ठेवा: तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. = '' असं लिहिलेली क्वेरी तिथे कधीच एकही ओळ देणार नाही. नल आणि रिकाम्या स्ट्रिंगमध्ये अर्थ लपवू नका असं मी वर म्हटलं, त्याला हीसुद्धा पुष्टी.

आता मोबाइल अ‍ॅप. ग्राहकाची माहिती बदलताना अ‍ॅप फक्त बदललेले रकाने पाठवत असेल, तर तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: किल्लीच (म्हणजे जेसनमधलं रकान्याचं नाव) आलेली नाही, किल्ली आली पण किंमत नल, आणि किल्ली आली पण रिकामी स्ट्रिंग. २०१४ चा जेसन मर्ज पॅच हा मानक सांगतो की न आलेल्या किल्लीला हात लावायचा नाही आणि नल आला तर ती माहिती काढून टाकायची. पण जावातल्या साध्या क्लासमध्ये जेसन उतरवला की ‘न आलेली’ आणि ‘नल’ दोन्ही नलच होतात. मग दिवाणजींनी फोन नंबर बदलला आणि पत्ता उडाला, असं होतं. बदलाच्या विनंतीत आधी किल्ली आहे का ते बघा, मगच किंमत वाचा. रिकामी स्ट्रिंग आली तर ती ‘पुसा’ असंच धरा, कारण माणसाने बॉक्समधलं पुसलं की अ‍ॅप बहुधा तेच पाठवतं.

एक्सेलच्या यादीबद्दलही सांगायला हवं, कारण जुने ग्राहक तिथूनच येणार. सीएसव्हीला, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलला, नल आणि रिकामं यातला फरक मुळात सांगता येत नाही. पोस्टग्रेस सीएसव्ही आयात करताना काहीच नसलेल्या जागेला नल मानतं आणि अवतरणचिन्हांच्या रिकाम्या जोडीला रिकामी स्ट्रिंग; फाइल कुठल्या सॉफ्टवेअरने लिहिली त्यावर निकाल बदलतो. पायथनच्या पांडास या लायब्ररीने वाचलीत तर मोकळ्या जागांचा ‘नॅन’ होतो, जो मजकूर नसून दशांश संख्या आहे आणि इफमध्ये चक्क ‘खरा’ ठरतो. शिवाय एखादी जागा मोकळी असलेला पिनकोडचा पूर्ण रकाना दशांशात जातो आणि ४१३००५ चं ४१३००५.० होतं. सगळे रकाने मजकूर म्हणूनच वाचायला सांगा, मोकळ्या जागांचा ‘नॅन’ करू नको असंही वेगळं सांगा (नुसतं मजकूर म्हणून वाचल्याने तो टळत नाही), आणि वरच्या साफ करणाऱ्या फंक्शनमधून न्या.

या याद्यांत आणखी एक प्रकार भेटेल: एक टिंब, एक आडवी रेघ, ‘एनए’, ‘नाही’, दहा शून्यांचा मोबाइल नंबर. हे माणसाच्या आळसामुळे येत नाही. कोणीतरी तो रकाना सक्तीचा केला, समोर गिऱ्हाईक उभं होतं, आणि फॉर्म पुढे जात नव्हता. ज्याची खरी माहिती त्या क्षणी मिळणं शक्य नाही असा रकाना सक्तीचा केला की डेटाबेसात खोटं भरलं जातं, आणि खोटं हे नलपेक्षा कैक पटींनी वाईट. नल निदान शोधता येतो. सक्ती तिथेच करा जिथे ती माहिती नसेल तर काम खरंच पुढे जाऊ शकत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर आधीच चालू आहे, म्हणून बदलाचा क्रम महत्त्वाचा. आधी दारावरचं फंक्शन लावा, म्हणजे नवीन कचरा येणं थांबेल. मग प्रत्येक मजकुराच्या रकान्यात नल किती, रिकाम्या किती, नुसत्या स्पेस किती, टिंब-रेघा किती, हे मोजून व्यापाऱ्याला दाखवा. टिंबाचा अर्थ तो सांगेल, तुम्ही ठरवू नका. मग जुन्या रिकाम्यांचे नल करा. शेवटी ‘ट्रिम केल्यावर रिकामं नसावं’ असं चेक बंधन, म्हणजे डेटाबेसने प्रत्येक ओळीवर तपासायची अट, घाला. चेक बंधन नलला अडवत नाही, कारण तिथे अज्ञात उत्तर चालतं. आपल्याला नेमकं तेच हवंय. जे रकाने खरोखर सक्तीचे आहेत त्यांना वेगळं ‘नॉट नल’ लावा. टेबल मोठं असेल तर चेक आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घाला, म्हणजे तो फक्त नव्या आणि बदललेल्या नोंदींना लागू होईल, आणि जुन्या ओळींची पडताळणी रात्री, पेढी बंद झाल्यावर चालवा. हा क्रम उलटा केलात, म्हणजे चेक आधी आणि दारावरचं फंक्शन नंतर, तर जुनं अ‍ॅप अजून रिकाम्या स्ट्रिंगा पाठवत असेल आणि भर दुपारी व्यापाऱ्याचं बिल अडकेल.